पाय दुखत नाहीत, डॉक्टर!

महाराष्ट्रातल्या तमाम फॅमिली डॉक्टरांना,


हे पत्र न्यूरॉलॉजिस्टांना लिहायचं सोडून तुम्हाला का लिहिते, ते आधी सांगते. आमच्यासारख्या पेशंटला न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचायला वर्षं लागतात. तुमच्याकडे मात्र आम्ही ताप, खोकला, बीपी अशा कुठल्या ना कुठल्या निमित्तानं येतच असतो. तपासून झालं की उठता उठता, चपला घालताना म्हणतो, "डॉक्टर, रात्री पाय फार ओढतात हो." तुम्ही चिठ्ठीच्या तळाशी कॅल्शियमची एक गोळी वाढवता, नाहीतर बी-कॉम्प्लेक्स. पाठीमागं वीस जण बसलेले असतात. विषय तिथंच संपतो. चपला घालताना बोलल्या जाणाऱ्या त्या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे. मग तुमच्या पाटीवर एमबीबीएस लिहिलेलं असो, बीएएमएस असो की बीएचएमएस.

मी सांगलीत हायस्कूलला गणित शिकवते. मला जो आजार आहे त्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात आरएलएस. दिवसा मला काही म्हणता काही होत नाही. तासामागून तास फळ्यापुढं उभी असते, बाकांमधून फिरते, पायांची आठवणही येत नाही. संध्याकाळी जेवणं उरकून टीव्हीसमोर टेकलं की थोड्याच वेळात पोटऱ्यांच्या आत खोलवर, हात पोचणार नाही अशा जागी, काहीतरी वळवळायला लागतं. दुखत नाही, खाजत नाही, मुंग्या म्हणाव्यात तर तसंही नाही. पाय हलवलाच पाहिजे, एवढंच कळतं. हट्टानं दाबून धरला तर वळवळ वाढत जाते आणि शेवटी पाय आपला आपणच झटका मारतो. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं. पुन्हा बसले की पुन्हा सुरू. सहामाहीचे पेपर मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गठ्ठा ठेवून उभ्यानंच तपासते. भावे नाट्यमंदिरात नाटकाला गेले तर कडेची, शेवटच्या रांगेतली खुर्ची मागून घेते. मुंबईला जायला रातराणीचं तिकीट काढायचं तर आदल्या दिवसापासून पोटात गोळा येतो.

रात्रीचं तर विचारूच नका. अंथरुणाला पाठ लागली की मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गॅलरी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या. गार फरशीवर अनवाणी पाय टेकले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पहाटे कुठं डोळा लागतो आणि सकाळची शाळा असल्यानं लगेच उठायची वेळ होते. झोप लागली तरी पाय शांत नसतात, दर अर्ध्या मिनिटानं उडत राहतात. ते मला कळत नाही, नवऱ्याला कळतं. "रात्रभर सायकल चालवत होतीस," असं तो सकाळी चहा घेताना सांगतो. शेजारणी म्हणतात, बाईच्या पायाला भिंगरी आहे. हसून सोडून द्यायचं. पण रोजची झोप चार तासांची झाली की माणूस वर्गात पोरांवर खेकसतो, साधी बेरीज चुकतो, आणि हळूहळू त्याला कशातच राम वाटेनासा होतो. दिवस मावळायला लागला की ज्याच्या पोटात धस्स होतं, अशा माणसाला डिप्रेशन येतं यात नवल नाही. आमच्यापैकी काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचारही येतात. तेव्हा "पाय ओढतात" हे वाक्य वाटतं तितकं किरकोळ नाही.

घरोघरी याच्यावर उपाय चालूच असतात. आजी नातवाला पोटऱ्यांवर उभं करते, "तुडव रे बाळा जरा." कुणी जुन्या पातळाची पट्टी फाडून गुडघ्याखाली करकचून बांधतं. कुणी काशाच्या वाटीनं तूप लावून तळपाय घासून घेतं. यात वेडेपणा काही नाही. पायाला बाहेरून जोराची संवेदना मिळते तोवर आतली वळवळ मागं हटते, म्हणून आराम पडतो. माझी विनंती एवढीच, की "रात्री पायाला फडकं बांधून झोपते" असं एखादी बाई म्हणाली तर तिथं थांबा. ती तुम्हाला निदानच सांगत असते.

कारण या आजाराचं निदान कुठल्याही यंत्रात होत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो, डॉपलर स्वच्छ येतो, नसांची तपासणीही बहुधा स्वच्छ येते. त्यात आणखी अडचण अशी, की हा आजार घड्याळ बघून येतो. संध्याकाळी चढतो, मध्यरात्रीच्या आसपास शिगेला पोचतो आणि सकाळी उतरतो. तुमच्या सकाळच्या ओपीडीत पेशंट समोरच्या स्टुलावर अगदी निवांत बसलेला दिसतो. त्याच्या पायात तुम्हाला काही सापडत नाही, आणि मग 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून त्याची बोळवण होते. इथं विचारण्याला पर्याय नाही. आणि 'पाय दुखतात का?' हा प्रश्न इथं उपयोगाचा नाही. बहुतेकांचे दुखत नाहीत. आम्ही 'दुखतात' म्हणतो ते दुसरं काय म्हणावं ते सुचत नाही म्हणून.

विचारायचे प्रश्न चारच आहेत. पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही, असं होतं का? ते बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर सुरू होतं का? उठून चाललं, पाय ताणले की निदान चालत असेपर्यंत तरी बरं वाटतं का? आणि सकाळपेक्षा संध्याकाळी, रात्री जास्त होतं का? चारही उत्तरं 'हो' आली की पाचवा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा: हे दुसऱ्याच कशामुळं तर होत नाही ना? पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा टणक लागतो आणि कळ जीवघेणी असते; ते वेगळं. मधुमेहानं तळपायांची आग होते ती चालल्यानं थांबत नाही. रक्तवाहिनी अरुंद झालेल्या माणसाला चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर बरं वाटतं; आमचं नेमकं उलटं. सुजेचे पाय, सांधेदुखी, बसल्याबसल्या पाय हलवायची सवय, हेही बाजूला काढावं लागतं. सहावा प्रश्न हवा असेल तर 'आईला किंवा वडिलांना असं व्हायचं का?' हा विचारा. हा आजार घराण्यातून उतरतो, आणि त्याच्याशी संबंधित जनुकं २००७ मध्ये सापडलीही आहेत. माझी आई म्हातारपणी रात्री सोप्यात येरझाऱ्या घालायची. तिला झोप कमी आहे, असंच आम्ही सगळे समजत होतो.

हे नवं फॅड आहे, असं कृपा करून म्हणू नका. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या वर्षी तुम्ही मेंदूच्या तळाशी असलेलं 'सर्कल ऑफ विलिस' पाठ केलं असेल. त्याच थॉमस विलिसनं १६७२ मध्ये, अंथरुणावर पडल्याबरोबर ज्यांचे हातपाय उसळायला लागतात आणि जे झोपेला पारखे होतात अशा माणसांचं वर्णन करून ठेवलं आहे. पुढं १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी या आजारावर आख्खा प्रबंध लिहिला आणि त्याला आजचं नाव दिलं. त्यांच्याच देशातल्या नॉर्डलँडर या डॉक्टरांनी १९५३ च्या सुमाराला अशा पेशंटांना शिरेतून लोह देऊन पाहिलं आणि त्यांना गुण आला. रक्तातलं लोह बरं दिसत असलं तरी शरीरात ते जिथं हवं तिथं कमी पडत असावं, असा त्यांचा कयास होता. पुढच्या काळात पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात, मेंदूच्या एमआरआयमध्ये आणि मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये तेच दिसलं. आरएलएस असलेल्यांच्या मेंदूत लोह कमी सापडतं, कधीकधी रक्तातलं लोह पुरेसं असतानाही. डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, हे तुम्ही मला शिकवायचं. मी तुम्हाला सांगते आहे, याबद्दल माफी असावी.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तो फेरिटिनचा.

माझं हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून कुणाला लोहाची शंका आली नाही. खूप उशिरा कुणीतरी फेरिटिन लिहून दिलं. रिपोर्टात आकडा आला १९. शेजारी लॅबनं छापलेली मर्यादा होती १० ते २९१. आकडा मर्यादेत बसतो म्हणून तो ठळक अक्षरातही छापलेला नव्हता. रिपोर्टावरून नजर फिरली आणि 'सगळं नॉर्मल' असं उत्तर मिळालं. माझ्या शाळेतही पस्तीस मार्क मिळवणारा पास होतो, पण म्हणून त्याला कुणी इंजिनिअरिंगला प्रवेश देत नाही. लॅबची मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते, आरएलएसचा हिशोब वेगळा. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर तोंडावाटे किंवा शिरेतून लोह द्यावं. ७५ ते १०० च्या दरम्यान असेल तर ते शिरेतूनच. मुलांसाठी ही सीमारेषा ५० ची. एवढी एक गोष्ट टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलीत तरी हे पत्र लिहिल्याचं सार्थक झालं.

फेरिटिन एकटंच वाचू नका. अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा संधिवातासारखी सूज असेल तर ते खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून सॅच्युरेशनही बघावं. शक्यतो सकाळी उपाशीपोटी तपासावं. उलटीही बाजू आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं की डोळे मिटून लोह, असंही करू नका. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोहाचा साठा भरलेला असू शकतो. आणि फेरिटिन कमी निघालं तर गोळी लिहून थांबू नका, लोह जातं कुठं ते शोधा. पाळीत फार अंगावर जातं का, गर्भाशयात गाठी आहेत का, मूळव्याध आहे का. साठीच्या पुढच्या माणसाच्या आतड्यातून नकळत रक्त जातं का, हे तर बघायलाच हवं. आणि आपल्याकडं आणखी एक विचारा: रक्तदान किती वेळा करता? जयंती-पुण्यतिथीला, वाढदिवसाला शिबिरं होतात, आणि दर तीन-चार महिन्यांनी नेमानं रक्त देणारी, हिमोग्लोबिन उत्तम असलेली माणसं आपल्याच गावात असतात. त्यांचा साठा आतून रिकामा झालेला असू शकतो. त्यांनी रक्तदान सोडावं असं मी म्हणत नाही. त्यांचं फेरिटिन अधूनमधून बघावं, इतकंच.

लोहाची गोळी लिहिलीत तर ती कशी घ्यायची तेही सांगा, नाहीतर पैसे वाया जातात. आपल्याकडं सकाळची गोळी चहाबरोबर घेतात. चहानं लोह अडतं. दुधानं अडतं. आणि तुम्हीच चिठ्ठीच्या तळाशी वाढवलेल्या त्या कॅल्शियमच्या गोळीनंही अडतं. पित्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तरी लोह कमी शोषलं जातं. थायरॉइडच्या गोळीचं तर उलटं, लोहामुळं तीच अडते. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. लिंबाच्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, सोसत नसेल तर दिवसाआड, असं नीट समजावून सांगा. आणि गुण यायला महिने लागतात हेही सांगा. आठ दिवसांनी 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या कपाटात जातात, हा अनुभव तुम्हालाही असेल. गूळ, खजूर, बीट खायला माझी ना नाही, पण इतका रिकामा झालेला साठा त्यानं भरत नाही. गोळी लागू पडत नसेल किंवा पचत नसेल तर शिरेतून द्यायचं लोह आहे. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे नाव तुमच्या ओळखीच्या प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला पाठ आहे, कारण गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर ते सर्रास दिलं जातं. २०२५ च्या सूचनांमध्ये आरएलएससाठी त्याची ठाम शिफारस आहे. क्वचित रिॲक्शन येऊ शकते, रक्तातलं फॉस्फेट उतरू शकतं, म्हणून ते सोयी असलेल्या हॉस्पिटलातच द्यायचं. त्याचाही गुण यायला काही आठवडे जातात.

हे सगळं आपल्याकडं इतकं महत्त्वाचं का, तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून जास्तच होतं. आरएलएस पुरुषांपेक्षा बायकांना साधारण दुप्पट होतो. बेंगळुरूमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तो सुमारे २ टक्के लोकांत आढळला. युरोप-अमेरिकेत आकडे याहून बरेच मोठे येतात. दोनच टक्के धरले तरी पन्नास पेशंटांत एक. म्हणजे गर्दीच्या दिवशी तुमच्या बाकड्यावर आमच्यापैकी एखादी बसलेली असतेच.

गरोदर बायकांत तर हे प्रमाण पाचांत एकीपर्यंत जातं, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. पहिलटकरीण रात्रभर पाय आपटत राहते आणि घरात 'या दिवसांत असं व्हायचंच' म्हणून तिला गप्प करतात. आशाताई लाल गोळ्या देऊन जातात, त्या चहाबरोबर घेतल्या जातात किंवा डब्यात पडून राहतात. तिला दोन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ: लोह नीट घे, आणि बाळंतपणानंतर हे बहुधा थांबतं. डायलिसिसवरच्या माणसांचे हाल वेगळेच. त्यांच्यात हा आजार पुष्कळ आढळतो, आणि त्यांना तर खुर्चीत चार-चार तास हलायची सोय नसते. काही जण पाय आवरेनात म्हणून मशीन मधेच बंद करायला लावतात. घरच्यांना ते पेशंटचे नखरे वाटतात. आणि एका जागी न बसणारी, रात्री 'पाय दाब' म्हणून आईला उठवणारी मुलं माझ्याच वर्गात असतात. त्यांतल्या काहींना वाढीची दुखणी म्हणून, काहींना मस्तीखोर म्हणून सोडून दिलेलं असतं.

आता थोडं अवघड बोलते. कधीकधी हा आजार तुमच्याच चिठ्ठीतून वाढतो. रात्रीची झोप जाते म्हणून अमिट्रिप्टिलीनची अर्धी गोळी दिली जाते. तिनं झापड येते, पण पाय जास्त बिथरतात. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन तसंच. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचं प्रोक्लोरपेराझिन ही मेंदूतल्या डोपामिनच्या वाटा अडवणारी औषधं. आणि आपल्याकडं फार खपणारी, उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची ती कॅप्सूल, जिच्यात रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. तेही त्याच जातीचं. डिप्रेशनवरची बरीच औषधंही पाय खवळवतात. ती एकदम बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही, पेशंटनं तर ती मनानं मुळीच बंद करू नयेत. पण 'रात्री पाय ओढतात' ऐकल्यावर नवी गोळी वाढवण्याआधी जुनी यादी एकदा नजरेखालून घालायला काय हरकत आहे? संध्याकाळनंतरची कॉफी, रात्रीची दारू, घोरता घोरता श्वास अडकणं, हेही विचारा. कधीकधी तेवढ्यानंच निम्मं काम होतं.

आणि शेवटचा इशारा प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांचा. मला प्रॅमिपेक्सोल मिळालं तेव्हा पहिल्याच रात्री मी सलग झोपले. कित्येक वर्षांनी. देव भेटल्यासारखं वाटलं. पुढं रात्री अकराची वळवळ नवालाच यायला लागली. डोस वाढवला, पुन्हा बरं वाटलं. मग ती संध्याकाळी यायला लागली, मग दुपारी. एक दिवस फळ्यावर समीकरण लिहिताना उजव्या दंडात तीच वळवळ सुरू झाली आणि खडू हातातून सुटला. याला ऑगमेंटेशन म्हणतात. जे औषध आजार आवरतं तेच काही काळानं त्याला खतपाणी घालतं, आणि डोस वाढवत नेला की आगीतून फुफाट्यात. लेव्होडोपाच्या बाबतीत हा प्रकार १९९६ मध्येच नोंदवला गेला आहे. शिवाय या गोळ्यांवर काही जणांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर नाद लागतो. पेशंट ते आपणहून सांगत नाही, त्याच्या बायकोला विचारावं लागतं. म्हणूनच २०२५ च्या सूचनांनी या गोळ्या नेहमीचा उपाय म्हणून वापरू नयेत, असा सल्ला दिला आहे. ज्यांच्या चालू आहेत त्यांनी त्या तडकाफडकी थांबवायच्या नाहीत; थांबवल्यावर जो त्रास होतो तो सोसण्यापलीकडचा असतो. माझा डोस एका न्यूरॉलॉजिस्टनी हळूहळू उतरवत नेला. त्या दिवसांतल्या रात्री माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत.

गोळी लागलीच तर आता आधी गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन. तीही साधी नाहीत. चक्कर येते, वजन वाढतं, म्हातारं माणूस रात्री उठताना पडू शकतं, मूत्रपिंड अधू असेल तर डोस कमी करावा लागतो. क्लोनाझेपामनं झोप येईल, पाय मात्र थांबतीलच असं नाही, आणि सवय लागते ती वेगळीच. लोह भरून, औषधांची यादी साफ करूनही पाय ऐकत नसतील, किंवा पेशंट आधीच डोपामिनच्या गोळ्यांच्या चक्रात अडकलेला असेल, तर त्याला पुढं न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा झोपेच्या तज्ज्ञाकडे पाठवा. तिथवर पोचण्याआधीचं काम मात्र तुमच्याच दवाखान्यात होण्यासारखं आहे.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. एका पेशंटला पाच मिनिटं, बाहेर ताटकळलेली पोरंबाळं, दारात उभा असलेला एमआर, आणि 'इंजेक्शन नाही दिलं तर डॉक्टर कसला' म्हणणारे आम्हीच. पण चार प्रश्नांना दोन मिनिटं पुरतात, आणि एका फेरिटिनचा खर्च आजवर माझ्या काढलेल्या एक्स-रे आणि एमआरआयच्या तुलनेत काहीच नाही.

हा आजार पूर्ण जातो असं मी म्हणत नाही. माझाही गेलेला नाही. फेरिटिन शंभराच्या वर गेल्यापासून बहुतेक रात्री मी झोपते. काही रात्री अजूनही फेऱ्या असतात, आणि पेपर अजून ओट्यावरच तपासते. बरं करा, असा माझा आग्रह नाही. ओळखा, एवढंच मागते. आणि ओळखल्यावर आणखी एक करा. पेशंटबरोबर आलेला नवरा, सासू, मुलगा बाहेर बाकड्यावर बसलेला असतो, त्याला आत बोलवा. त्याच्यासमोर आजाराचं नाव घ्या आणि सांगा, की ही रात्री उठून चालते ते तिला चालावंच लागतं, तिला कुणी अडवू नका, टोमणे मारू नका. लोहाचा गुण यायला महिने लागतील. या बोलण्याचा गुण त्याच रात्री येतो.

आपली नम्र,
सांगलीची एक गणिताची शिक्षिका